गवती चहा आणि वर्षाला दोन फोन

आमच्या सोसायटीच्या गेटवर पाटी आहे : 'विक्रेते, वर्गणीवाले व सर्वेक्षणवाले यांना प्रवेश नाही. दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये.' २०१९च्या जूनमध्ये एक अमेरिकन मुलगा पाठीवर सॅक घेऊन या पाटीसमोर उभा राहिला. एकेक अक्षर लावत त्याने ती पूर्ण वाचली आणि मोठ्याने हसला.

"हे माझ्यासाठी लिहिलंय," तो म्हणाला.

तो मराठी शिकायला पुण्यात आला होता आणि दहा आठवडे आमच्याकडे राहणार होता. डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि आजी दोघंच. आईबाबा नाशिकला. मागची खोली रिकामी होती, आणि आजीला घरात तिसरं ताट हवंच असतं.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. आजीने चहा आणला, तर हा हात जोडून म्हणतो, "आजी, मला चहा वर्ज्य आहे."

वर्ज्य! आमच्या घरात हा शब्द चातुर्मासातल्या कांदा-लसणासाठी राखीव आहे. आजी दोन मिनिटं गप्प झाली. मग कळलं की तो मॉर्मन आहे, आणि त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू काहीच चालत नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाल्कनीतल्या कुंडीतला गवती चहा तोडून आलं-साखर घालून उकळला. नावातच 'चहा' म्हणून तो पुन्हा अडला. "अरे, गवत आहे ते," मी म्हटलं. मग रोज तीन कप.

पाटीवरचं हसू मला नंतर कळलं. मॉर्मन मुलं अठरा वर्षांची झाली की दोन वर्षं धर्मप्रचाराला जाऊ शकतात. मुली तेव्हा एकोणिसाव्या वर्षापासून जाऊ शकत, दीड वर्षासाठी. कुठे जायचं ते चर्च ठरवतं, आणि खर्च बहुतेक घरचेच उचलतात. तेव्हा महिन्याला चारशे डॉलर. याला पेरू मिळालं. सहा आठवडे युटामधल्या प्रोव्होला स्पॅनिश शिकला, आणि २०१६च्या ऑगस्टपासून पेरूच्या किनाऱ्यावरच्या त्रुहियो शहरात दारं वाजवायला लागला.

साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, मग अभ्यास. दहाच्या आत पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला लावून बाहेर. रात्री नऊला परत, साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. बिल्ल्यावर नुसतं 'एल्डर' आणि आडनाव. दोन वर्षांत कोणी त्याला स्वतःच्या नावाने हाक मारली नाही. आणि सतत एक जोडीदार बरोबर, तोही चर्चने नेमलेला. "एकटा फक्त बाथरूममध्ये," तो म्हणाला. "तिथे मी खूप वेळ लावायचो."

सोमवारी अर्धी सुट्टी. त्यात कपडे धुणं, बाजार आणि घरी ईमेल.

कुत्र्यांचा किस्सा मला आवडला. अंगावर आलं की खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. मी रात्री कर्वे पुतळ्यापासून घरी चालत येताना हेच करतो. एवढ्या लांबच्या कुत्र्यांनाही ते कळतं याचं आम्हा दोघांना फार समाधान वाटलं.

धर्मप्रचार मला पटत नाही, हे मी त्याला सांगून टाकलं. आजीने तर सरळच विचारलं, "ती माणसं आधीच येशूला मानतात ना? मग तू काय सांगायला गेलास?" तो म्हणाला, तिथेही प्रत्येक दारात हेच विचारायचे. दोन वर्षांत अकरा जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यातले दोघंच अजून चर्चला जातात. आकडे त्यानेच सांगितले, काही न लपवता.

पुण्यात मॉर्मन पूर्वीही आले होते, हे मला त्याच्याकडूनच कळलं. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला आला. कॅम्पातल्या गोऱ्या सैनिकांना उपदेश करायला लागला, तर लष्कराने त्याला छावणीत बंदी केली. तो मराठीही शिकू लागला होता. मूठभर लोक जमले आणि १८५५ मध्ये तो परत गेला. आम्ही एका शनिवारी त्याच्या खुणा शोधायला कॅम्पात गेलो. खुणा कसल्या मिळतायत! श्रूजबरी बिस्किटं घेऊन परत आलो.

या विषयातलं आजीचं पुस्तक एकच, 'स्मृतिचित्रे'. ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने. आजी कायम त्या मधल्या पाच वर्षांच्या बाजूने असते. म्हणूनच असेल, एका रात्री जेवताना तिने विचारलं, "घरी फोन किती वेळा करायचास?"

"वर्षाला दोनदा. नाताळ आणि मदर्स डे."

आजीने पोळी ताटात ठेवली.

मग त्याने सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्याची आजी गेली. वरिष्ठांनी बोलावून बातमी दिली. तो घरी गेला नाही. रात्रभर रडला, आणि सकाळी दहाला पुन्हा दारं वाजवायला निघाला. "पहिल्या दारात एक म्हातारी होती," तो म्हणाला. पुढचं सांगितलं नाही.

२०१८च्या ऑगस्टमध्ये तो परतला. २०१९च्या फेब्रुवारीत चर्चने नियम बदलला. आता दर आठवड्याला घरी बोलता येतं. त्याचा धाकटा भाऊ तेव्हा फिलिपिन्समध्ये होता आणि दर सोमवारी आईशी व्हिडिओवर बोलत होता.

"राग नाही आला?" मी विचारलं.

तो बराच वेळ शब्द शोधत राहिला. मला वाटलं, मराठी अडलंय. मग म्हणाला, "अजून ठरवलं नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. जर्मनीतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि मी आजीला सांगितलं नव्हतं. आईबाबांनाही गप्प बसायला लावलं होतं. सकाळी स्वयंपाकघरात जाऊन एकदाचं बोलून टाकलं.

"माहीत आहे," आजी म्हणाली. "पासपोर्ट देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलास, तो काय हवा खायला?"

मग गॅस बारीक करून तिने विचारलं, "मला काही झालं तर येशील?"

"येईन."

"बघू," ती म्हणाली आणि गवती चहा गाळायला लागली.

२०२०च्या मार्चमध्ये भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, तेव्हा ते 'येईन' मला रोज दिवसातून दहादा आठवायचं. आजीला काहीही झालं नाही. दर रविवारी फोनवर ती भाज्यांचे भाव सांगायची, आणि शेवटी न चुकता त्या पोराची चौकशी. एप्रिलमध्ये त्याचा ईमेल आला : कोरोनामुळे चर्चने फिलिपिन्समधल्या परदेशी मुलांना परत पाठवलं, धाकटा भाऊ मुदत संपायच्या आधीच घरी पोचलाय.

मी आजीला वाचून दाखवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "काय केलं असेल रे त्याच्या आईने जेवायला?"