गाळलेल्या जागा

शाळेत 'गाळलेल्या जागा भरा' या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क मिळत. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली बावीस वर्षं लोकांनी गाळलेल्या जागाच भरतो आहे. स्लिपवरची तारीख, चेकवरची सही, वगैरे. पण प्रत्यक्ष काही गाळण्याचा प्रसंग आला तो पंचेचाळिसाव्या वर्षी, तोही थेट अमेरिकेत. आणि गाळायची होती बिअर!

माझा धाकटा भाऊ नंदू न्यू जर्सीत असतो. आईला घेऊन मी महिनाभर त्याच्याकडे गेलो होतो. (रजा कशी मंजूर झाली, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) त्याने तळघर दाखवलं. तिथे पिंपात एकोणीस लिटर बिअर! मी आधी दार लावून घेतलं. आमच्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून शाबूत आहे. "दादा, घाबरू नकोस," नंदू म्हणाला, "१९७८ साली जिमी कार्टरने कायद्यावर सही केली आहे. दोन सज्ञान माणसांच्या घरात वर्षाला दोनशे गॅलन चालते." म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. आमच्या सोसायटीत एवढं पाणी एकदम आलं तर लोक पेढे वाटतील.

तेव्हा भीती कायद्याची नव्हती, आईची होती. बारा वर्षं नंदू तिला फोनवर सांगत आला होता, "मी त्या वाटेला जात नाही."

घोटाळा केला आंब्याने. बिअर आंबून होत आली तसे नंदूने तीत आमरसाचे ८५० ग्रॅमचे तीन डबे ओतले. आठवडाभरात रसातली साखर यीस्टने फस्त केली, पण चोथा कोण खाणार? थोडा वर तरंगत होता, बराच खाली बसला होता, आणि उरलेला, कुठल्या काउंटरवर जायचं हे न कळलेल्या खातेदारासारखा, मध्येच फिरत होता.

"असाच बाटलीत गेला तर?"

"त्याच्या कणाकणावर गॅस धरतो. बूच काढलं की कारंजं! आणि त्यात साखर उरली असली तर बूच काढायचीही गरज नाही. बाटली आपली आपण फुटते."

मी तत्परतेने चहाची गाळणी सुचवली. नंदू किंचाळला. ओतताना हवा मिसळते म्हणे, आणि मग बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. ओला पुठ्ठा याने कधी खाल्ला, हे मी विचारलं नाही. मग नळी! नळीत मी तरबेज. लहानपणी रेशनच्या रॉकेलचा डबा मीच नळीने रिकामा करायचो. नळी तोंडाशी नेली तोच दुसरी किंकाळी : "दादा, तोंडातले जंतू!" रॉकेलची कधी अशी तक्रार नव्हती.

अखेर पिंप दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलं. थंडीने चोथा खाली बसतो. तिसऱ्या दिवशी ते अलगद टेबलावर चढवलं, आणि नेमकी आई जिना उतरून आली.

"काय चाललंय?"

"आंब्याचं सरबत, आई," नंदू.

आईने वाकून वास घेतला. "सरबताला असा वास आला की मी ते मोरीत ओतते. तुम्ही बाटल्या धुऊन ठेवल्यात."

एवढ्या थोडक्यात आटोपलेलं ऑडिट मी नोकरीत पाहिलेलं नाही. नंदू खाली बघत राहिला. जोडखातेदार या नात्याने मीही.

आई काही न बोलता वर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पांढऱ्या फडक्याचा तुकडा होता. चक्का बांधायला म्हणून तिने बरोबर आणलेला, बाबांच्या धोतराचा. बाबा २०२१ च्या मे महिन्यात गेले. आला असता तर नंदूची परतीची वाट बंद होती. बाबांचं दहावं त्याने फोनच्या पडद्यावर पाहिलं.

"साबण लावलेला नाही," आई म्हणाली. "नुसतं उकळून घे आणि नळीच्या आतल्या टोकाला बांध. मधलं ओढ. खालचा गाळ हलवू नकोस. आणि सरबत म्हणू नकोस."

साबणाने बिअरचा फेस मरतो, हे मला नंतर कळलं. आईला आधी कसं कळलं, हे विचारायची आमची छाती झाली नाही.

फडकं पंधरा मिनिटं उकळलं तरी चाललं असतं. नंदू बराच जास्त वेळ शेगडीपाशी माझ्याकडे पाठ करून उभा होता. मग उकळून गार केलेल्या पाण्याने नळी भरून त्याने ती सुरू केली. गॅस धरायला मोजून शंभर ग्रॅम साखर घातली आणि चव्वेचाळीस बाटल्या भरल्या. पिंपाच्या तळाशी केशरी चिखल उरला. तो मी बुडीत कर्जात टाकला.

दोन आठवड्यांनी पहिली बाटली मोरीवर धरून उघडली. मी पोळपाटाची ढाल करून मागे उभा. फुस्स झालं, बस्स.

"चोथा आला का रे?" आतून आईचा आवाज.

"नाही, आई."

"मग ते फडकं कुठे ठेवलंत ते द्या. परवा श्रीखंड करायचंय."