प्रसाद

गेल्या रविवारी मित्राच्या पुतणीचं पहिलं कम्युनियन होतं. "सकाळी चर्चमध्ये ये, मग वाडीत जेवायला," असा त्याचा फोन आला. आठवडाभर रिलीजच्या गडबडीत झोपेचं खोबरं झालं होतं, तरी हो म्हणून टाकलं. आणि मग रात्री उशिरापर्यंत तिसरीचा वर्ग आठवत पडलो.

माझी प्राथमिक शाळा वसईतली, कॅथलिक, आणि मराठी माध्यमाची. ऑफिसात हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "सिस्टरांची शाळा आणि मराठी?" हो बाबा, मराठी! वसईचे ख्रिस्ती घरात कादोडी नाहीतर वाडवळी बोलतात आणि प्रार्थना मराठीत करतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषांत आली, ती इथे मराठीत आली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथलेच. तर सांगायचं म्हणजे, 'नमो मरिया' मला रामरक्षेच्या आधी पाठ झालं. (आजीला हे कधीच सांगितलं नाही.)

हजेरीत पाटील, परेरा, पाटील असा क्रम असायचा. धर्मशिक्षणाच्या तासाला अर्धा वर्ग शेजारच्या खोलीत जायचा आणि आम्ही उरलेले नीतिशिक्षणात खरं बोलण्याच्या गोष्टी ऐकायचो. राखेच्या बुधवारी अर्ध्या वर्गाच्या कपाळावर राख दिसायची, ऑक्टोबर आला की रोझरी. पण खरी धमाल डिसेंबरात. नाताळचा गोठा सगळ्यांचा असायचा, तिथे कोणाला वेगळी खोली नाही. हिरवळीसाठी करवंटीत नाचणी पेरून आणायची. आजी नवरात्रात घट बसवणारी, त्यामुळे धान्य कसं पेरायचं आणि पाणी किती शिंपडायचं यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. माझी नाचणी सगळ्यात उंच उगवली आणि थेट बाळ येशूच्या शेजारी बसली. आजी आठवडाभर कॉलर ताठ करून (म्हणजे पदर खोचून) हिंडत होती.

मग फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सियाच्या सणाची मिस्सा. हा वसईत जन्मलेला मुलगा जपानात नागासाकीला १५९७ मध्ये क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. आम्हा सगळ्यांना तो आपल्या गाववाल्यासारखा वाटायचा. त्या दिवशी सगळी शाळा चर्चमध्ये. ख्रिस्तप्रसादाची वेळ आली, बाकावरचा माझा मित्र उठला, मीही त्याच्या मागे उठलो. प्रसादाची रांग आहे, उठायचं, यात विचार कसला करायचा? फादरांपुढे पोचलो आणि देवळात करतो तसा उजवा हात पुढे केला. फादर क्षणभर थांबले. मग त्यांनी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि नजर मागच्या मुलाकडे वळवली.

मी रिकाम्या हाताने परत आलो. घरी जाऊन जो भोकाड पसरला तो आजही आईला आठवतो. आजी भडकली. "प्रसाद कोणी नाकारतं का?" दुसऱ्या दिवशी नऊवारी आवरून शाळेत हजर.

सिस्टरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, की आमची मुलं यासाठी कितीतरी महिने तयारी करतात, पापनिवेदन करतात, मग पहिल्यांदा घेतात. "आजी, मुंज झाल्याशिवाय तुम्ही याला जानवं घालाल का?"

आजी गप्पच झाली. परतताना वाटेत म्हणाली, "बरोबर आहे हो बाईचं. सोवळं पाळतात ती माणसं." एवढ्यावर तिच्या मनातून विषय संपला, उलट सिस्टरांबद्दल आदर वाढला!

माझ्या मनातून मात्र तो संपला नाही, कारण त्याच वर्षी गणपतीत तोच मित्र आमच्याकडे आला. आरती त्याने पायरीवरून ऐकली. आजीने त्याला तिथेच मोदक दिला, केळीच्या पानाच्या तुकड्यावर, वरून. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो नाही. आत पंगत मांडली होती, मी आत गेलो. मला स्वतःचा रिकामा हात फेब्रुवारीपासून आठवत होता, तरीही. आज वाटतं, सिस्टरांच्या नियमाला निदान अभ्यासक्रम होता. शिकून, मनापासून मानून त्या रांगेत उभं राहायची वाट होती. आमच्या उंबऱ्याला तसलं काही नव्हतं. आजी वाईट नव्हती हो. पण हे लिहिताना तिची बाजू घ्यायला शब्द सापडत नाहीयेत.

असो. रविवारी पांढऱ्याशुभ्र फ्रॉकमध्ये, हातात मेणबत्ती घेऊन, पुतणीबाई भलत्याच गंभीर चेहऱ्याने आल्या. ख्रिस्तप्रसादाला सगळा बाक उठला. मी पाय बाजूला घेतले, लोक पुढे गेले. लाल लुगड्यातली मित्राची आई जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

वाडीत केळीच्या सावलीत जेवण होतं. पंगतीत मित्र शेजारी बसला तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "तुला तो गणपती आठवतो का रे? पायरीवरचा?"

"आठवतो की," तो म्हणाला. "मुंग्या होत्या तिथे." आणि माझ्या ताटात आणखी दोन फुगे टाकून वाढप्याला हाक मारायला उठला.