ग्दान्स्क ते वळिवडे

गेल्या मे महिन्यात आम्ही मुलीच्या मामाकडे पोलंडला गेलो होतो. वॉर्साहून आगगाडीने निघालो. वाटेत मालबोर्कचा लाल विटांचा प्रचंड किल्ला दिसला. तीनेक तासांत बाल्टिक समुद्रावरचं ग्दान्स्क बंदर आलं. किनाऱ्यावर लेकीने पाणी चाखलं. "आई, हे फारसं खारट नाहीच!" खरंच आहे, या समुद्रात नद्यांचं गोडं पाणी खूप येतं.

इथेच, वेस्टरप्लाटेवर, १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन युद्धनौकेने तोफा डागल्या नि दुसरं महायुद्ध पेटलं. त्यात बेघर झालेल्या सुमारे ५००० पोलिश लोकांना १९४३ पासून आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला आसरा मिळाला. त्यांत मुलं खूप होती.

"म्हणजे ती आपली पाहुणीच की!" लेक म्हणाली.

तुमच्या वर्गात असं दूरचं मूल आलं, तर बाकावर सरकून जागा द्याल ना?