भाऊ पिऊन आले नव्हते

14 एप्रिलच्या मिरवणुकीतून आम्ही एका माणसाला बाहेर काढलं होतं. जळगावातल्या आमच्याच वस्तीतला माणूस, डाळ मिलमध्ये हमाली करणारा, आम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठा. अंगात पांढरा शर्ट, डोक्याला निळा फेटा. चालताना तोल जात होता, शब्द अडखळत होते, समोर बघताना एक डोळा मिटून घेत होते. आम्ही स्वयंसेवक होतो. मिरवणुकीत पिऊन आलेला माणूस चालणार नाही, हा ठराव आम्हीच केला होता. दोघांनी दंडाला धरून त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "भाऊ, आजच्या दिवशी तरी बाबासाहेबांचं नाव राखायचं होतं." ते काहीतरी सांगत होते. डीजेच्या आवाजात ते ऐकू आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हाला ऐकायचंही नव्हतं.

भाऊंनी त्या दिवशी दारूचा थेंबही घेतला नव्हता. त्यांच्या अंगात फिटच्या गोळीचं औषध प्रमाणाबाहेर साठलं होतं.

झालं असं. फेब्रुवारीत त्यांना पहिली फिट आली. रुग्णालयात दाखल केलं, फेनिटॉइन नावाची गोळी सुरू झाली. महिनाभराने पुन्हा फिट आली, तेव्हा दिवसाची मात्रा 300 मिलिग्रॅमवरून 400 केली आणि घरी सोडलं. गोळी कशी घ्यायची ते सांगितलं. गोळीमुळे काय होऊ शकतं, काय दिसलं तर परत यायचं, हे कुणी सांगितलं नाही. काही दिवसांनी वहिनी आमच्याकडे आल्या. त्या धुळ्याकडच्या, बोलणं अहिराणी. म्हणाल्या, "गोयी खाधी का जमीन फिरस, आसं म्हनतस ह्या." आम्ही काय केलं? त्यांना अंधश्रद्धा निर्मूलनाचं भाषण दिलं. भगताकडे जायचं नाही, अंगारे-धुपारे नकोत, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. वहिनींनी भगताचं नावसुद्धा काढलेलं नव्हतं. त्या फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होत्या.

मिरवणुकीनंतर चार दिवसांनी भाऊ मोरीत पडले. डोक्याला टाके पडले, पुन्हा भरती झाली. केसपेपरवर दारूची नोंद कुणीतरी न विचारताच केली. मिलच्या मुकादमाने तोवर ‘पिऊन येतो’ म्हणून कामावर येऊ नको असा निरोप धाडला होता. तिसऱ्या दिवशी इंटर्नशिप करणारी एक मुलगी वॉर्डात आली. तिने भाऊंसमोर बोट धरलं आणि नजरेने बोटामागे यायला सांगितलं. डोळे कडेला गेले की थरथरत होते. तिने विचारलं, "फिटची गोळी किती घेता?" मग रक्तातल्या औषधाचं प्रमाण तपासलं. ते साधारणपणे मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम असावं लागतं. भाऊंचं 34 निघालं. डॉक्टरांनी मात्रा बदलली आणि दहा-बारा दिवसांत भाऊ सरळ चालू लागले.

दिवसाला फक्त 100 मिलिग्रॅम वाढवल्याने एवढं कसं झालं? आपल्या वस्तीतली मोरी आठवा. एका मर्यादेपर्यंत पाणी निघून जातं. ती मर्यादा आली की वरून एक बादली ओतली तरी गल्ली तुंबते. यकृत फेनिटॉइनचा निचरा असाच करतं. ते भरत आलं की मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातलं औषध एकदम चढतं. मग डोळे थरथरतात, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, तोल जातो. हे औषध 1938 पासून वापरात आहे आणि हा परिणाम डॉक्टरकीच्या पाठ्यपुस्तकात छापलेला आहे. म्हणजे ज्ञान होतं. ते भाऊंच्या खाटेपर्यंत पोहोचलं नाही.

का पोहोचलं नाही? वॉर्डात एका डॉक्टरमागे किती रुग्ण असतात ते आम्ही पाहतो. पण गर्दी हे अर्धंच कारण आहे. झोकांडी देत चालणारा माणूस बँकेतला साहेब असता तर त्याला आधी ‘काय होतंय’ असं विचारलं असतं. हमाल असला, अमुक वस्तीतला असला, की उत्तर आधीच तयार असतं. जात अशीही काम करते. ती दरवेळी शिवी देत नाही, कधी कधी फक्त पुढचा प्रश्न विचारत नाही. आणि ते तयार उत्तर आमच्याही तोंडात होतं, निळा गमछा गळ्यात असताना, हे या लेखात लिहिल्याशिवाय दुसऱ्या कुणाला दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही.

आमची दुसरी चूक विचारांची होती. भगताने सांगितलं म्हणून मानायचं नाही आणि डॉक्टरने सांगितलं म्हणून काही विचारायचंच नाही, याला आम्ही विज्ञाननिष्ठा समजत होतो. बुद्धाने कालामांना सांगितलं ते नेमकं याच्या उलट होतं. परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून नव्हे, स्वतः पडताळून स्वीकारा. वहिनींनी पडताळलं होतं. गोळी वाढली, तोल गेला. हे निरीक्षण होतं आणि आम्ही त्याला अडाणीपणा म्हटलं.

रुग्णाचं सांगणं हा पुरावा असतो, हे फ्रान्समधल्या आयांनी दाखवून दिलं. तिथे 1967 पासून व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध विकलं जात होतं. गरोदरपणी ते घेतलेल्या अनेक स्त्रियांची मुलं जन्मजात व्यंग घेऊन किंवा वाढीत मागे पडणारी निघाली. मारिन मार्टिन या आईने 2011 मध्ये अशा कुटुंबांची संघटना उभी केली आणि 2016 च्या अखेरीस फ्रान्सच्या संसदेने भरपाईची योजना मंजूर केली. हेच औषध आपल्याकडेही दिलं जातं. लग्नाच्या वयाच्या किती मुलींना हा धोका समजावून सांगितला जातो, हे आपापल्या वस्तीत विचारून बघा.

म्हणून कार्यकर्त्यांनी एवढं तरी पाठ करावं. फिटची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, मात्राही स्वतः कमी करायची नाही. एकदम थांबवली तर फिट थांबता थांबत नाही आणि जीव जाऊ शकतो. पण त्रास सांगायचाच. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात. व्हॅल्प्रोएटने केस गळतात, हात कापतात, वजन वाढतं, क्वचित यकृत बिघडतं. लेव्हेटिरासिटॅमने माणूस चिडचिडा किंवा उदास होतो. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले, विशेषतः फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनवर, तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. गोवर समजून घरी थांबायचं नाही. टीबीचं किंवा दुसरं कुठलंही औषध चालू असेल, गोळीची कंपनी बदलली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

आणि नोंद करायची. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून चालू आहे. त्याचा मोफत क्रमांक 1800-180-3024. रुग्ण स्वतः तक्रार नोंदवू शकतो, त्याचा अर्ज मराठीतही आहे. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या औषधशास्त्र विभागात जाऊन ही नोंद कशी होते ते विचारायला वैद्यकीय पदवी लागत नाही. आमच्या अभ्यासवर्गात आता दर महिन्याला एक रविवार फक्त केसपेपर वाचण्यासाठी असतो.

भाऊंची माफी आम्ही त्यांच्या घरी जाऊन मागितली. ते म्हणाले, घरात नको, जिथून काढलं तिथे मागा. बरोबर बोलले. पुढच्या 14 एप्रिलला, मिरवणूक निघायच्या आधी, त्याच चौकात माईकवरून मागणार आहोत.

जयभीम.