किल्ली कोणाच्या हाती द्यावी?

वाचकहो, प्रवासाला निघताना औषधांची यादी कशी करावी, कोणत्या तपासण्या आधी करून घ्याव्यात, याविषयी आपण पुष्कळ वाचले असेल. परंतु आपल्या वयाच्या अनेकांची तयारी त्या यादीपर्यंत पोहोचतच नाही. ती त्याआधीच्या एका प्रश्नापाशी अडते. आपण गेल्यावर घराकडे कोण पाहणार, आणि घरातल्या मुक्या जिवाला वेळेवर कोण खाऊ घालणार? ज्यांच्या दारी कुत्रा, मांजर किंवा दुभते जनावर आहे, त्यांनी या एका प्रश्नापायी किती लग्ने, किती यात्रा आणि डॉक्टरांनी दिलेल्या किती तारखा पुढे ढकलल्या, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

श्रीरामपुरात आम्ही दोघेच राहतो. मी 71 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. यजमान 76 वर्षांचे. मुलगा बंगळुरूला, मुलगी ठाण्याला. घरात तिसरा जीव म्हणजे मोती, नऊ वर्षांचा गावठी कुत्रा. सकाळी सहाला त्याला फिरवून आणणे हा यजमानांचा नेम. त्यांच्या मधुमेहाला या नेमाने जेवढी शिस्त लावली, तेवढी आमच्यापैकी कोणाच्याही सांगण्याने लागली नाही. तेव्हा 'कुत्रा कोणाला तरी देऊन टाका, म्हणजे मोकळे व्हाल' हा सल्ला आम्हाला मानवणारा नव्हता. आपल्यालाही तो कोणी ना कोणी दिला असेलच.

आपल्याकडे घर राखण्याचे काम कोणाकडे असे, हे जरा आठवून पाहा. ते बहुधा घरातल्या वृद्धांकडेच असे. त्र्यंबकेश्वराहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी अहिल्यानगर जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. तिच्यासोबत घरातील एक जण चालू लागला की दुसऱ्याला गोठ्यापाशी थांबावे लागते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि पाथर्डीकडील ऊसतोड कुटुंबे आमच्या भागातील साखर कारखान्यांवर येतात, तेव्हा गावाकडचे घर, दारची शेळी, कधी शाळेत जाणारी नातवंडेही आजी-आजोबांच्या हवाली असतात. म्हातारे माणूस घरी आहे, एवढ्या भरवशावर बाकीचे घर बाहेर पडते. आता अनेक घरांत तो राखणदारच एकटा राहिला आहे. त्याला चार दिवस बाहेर जायचे असेल, तर राखण कोणी करावी, याचे उत्तर जुन्या रीतीत सापडत नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीने आम्हाला जानेवारीत आठ दिवस कोकणात नेण्याचे ठरवले. गाडीची तिकिटे एका दिवसात मिळाली. राखणदार शोधण्यात दीड महिना गेला. कोणी काय कारण सांगितले, ते येथे मुद्दाम नमूद करते, कारण पुढची वाट त्या नकारांतूनच सापडली.

मोतीला सोबत न्यावे, हा पहिला विचार. रेल्वेत कुत्रा नेता येतो, पण त्यासाठी प्रथम वर्गातील दोघांचा किंवा चौघांचा संपूर्ण कक्ष आपल्या नावे असावा लागतो. अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. शयनयान किंवा वातानुकूलित दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात त्याला परवानगी नाही. उतारत्या वयाच्या कुत्र्याला पेटीत बसवून नेणे आम्हाला पटले नाही. कुत्र्यांसाठी सशुल्क निवासाची सोय नाशिकला मिळत होती. परंतु जो जीव कधी आमच्या अंगणाबाहेर झोपला नाही, त्याला अनोळखी भुंकण्यात आठ दिवस ठेवायचे, हेही मनाला येईना.

मग धाकट्या दिरांची आठवण झाली. त्यांची वस्ती कालव्याच्या कडेला आहे. त्यांनीच सांगितले, "वहिनी, आणायला हरकत नाही, पण उसात बिबट्या फिरतोय. आमचीच दोन कुत्री गेली. मोत्या घरात राहणारा, त्याला बाहेरचं काय कळणार?" त्यांची भीती अवास्तव नव्हती. 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरेच्या कालव्यांना पाणी दिले, त्या पाण्यावर ऊस वाढला, आणि उसात पुढे बिबट्यालाही आडोसा मिळाला. आमच्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशोबाने सुमारे 39 टक्के वाटा कुत्र्यांचाच निघाला. वस्तीवर कुत्रा ठेवून जाणाऱ्यांनी त्याला रात्री बंद खोलीत ठेवण्याची सोय आहे की नाही, हे आधी पाहावे.

राहिली जवळची माणसे. आमच्याकडे बारा वर्षे धुणेभांडी करणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाई, मोत्याला भाकर मी घालीन, पण किल्ली नको. उद्या घरातली वाटी जरी सापडली नाही, तरी बोल माझ्यावर येईल." पुतण्या म्हणाला, "काकू, जीव आहे तो. माझ्या हाती काही झालं, तर तुम्हाला काय तोंड दाखवू?"

या दोन्ही उत्तरांवर आम्ही पुष्कळ विचार केला. दोघांनाही कामाचा कंटाळा नव्हता. त्यांना दोषाची भीती वाटत होती. आपण किल्ली देतो तेव्हा आपल्याला वाटते की विश्वास दिला. घेणाऱ्याच्या हातात मात्र एक जोखीम पडते. ती जोखीम कमी केल्याशिवाय 'जरा लक्ष ठेवा' असे म्हणणे म्हणजे समोरच्याला भिडेत टाकणे होय. भिडेपोटी घेतलेली जबाबदारी धड पार पडत नाही, आणि पुढच्या वेळी ते घर आपल्याला टाळू लागते.

म्हणून आम्ही शोधण्याची रीत बदलली. कोण उपकार करील, हे विचारण्याऐवजी आपल्या रिकाम्या घराचा कोणाला उपयोग होईल, हे पाहिले. दोन गल्ल्या पलीकडे शिवणकाम करणाऱ्या एक ताई राहतात. त्यांच्या दोन खोल्यांत दिवसभर मशीन चालते आणि मुलगा बारावीला. त्याला अभ्यासाला शांत जागा हवी होती. आम्हाला रात्री घरात माणूस हवे होते. ताईंनी सकाळ-संध्याकाळ मोतीचे पाहावे, मुलाने पुढच्या खोलीत अभ्यास करून तेथेच झोपावे, असे ठरले. रोजचा मोबदला आधी बोलून घेतला. ताई संकोचल्या, पण यजमान म्हणाले, "मोबदला घेतला नाहीत, तर आम्हाला पुन्हा विचारता येणार नाही." दागिने आणि कागदपत्रे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, आतली खोली बंद केली आणि ती बंद असल्याचे ताईंना दाखवले. मुलीने त्यांना लिहून दिले की घरातील वस्तूंची जबाबदारी त्यांच्यावर नाही, आणि मोती आजारी पडल्यास पशुवैद्यांकडे नेण्याचा खर्च आमचा. या चार ओळींनी ताईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला.

त्यानंतर तीन आठवडे रंगीत तालीम केली. पहिल्या आठवड्यात ताई आम्ही घरी असताना येऊन मोतीला खाऊ घालत. दुसऱ्या आठवड्यात आम्ही दुपारभर बाहेर राहिलो. तिसऱ्या आठवड्यात एक रात्र शिर्डीला मुक्काम केला. त्या रात्री मोती जेवला नाही. सकाळी ताईंच्या हातून जेवला. हे आधी कळले म्हणून कोकणात असताना घोर लागला नाही. निरोगी मोठा कुत्रा नव्या माणसाकडे एखादे वेळचे जेवण टाळतो, त्यात घाबरण्यासारखे नसते. मात्र दिवसभर न खाणे, त्यासोबत उलट्या किंवा सुस्ती दिसली, तर पशुवैद्यांना दाखवावे.

स्वयंपाकघराच्या दारावर आम्ही एक कागद लावला. आपणही लावावा, म्हणून त्यातील मुख्य गोष्टी सांगते. खाण्याची वेळ आणि माप. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट देऊ नये. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या जनावराला कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. पशुवैद्यांचा क्रमांक आणि लसीकरणाचे पुस्तक हाताशी असावे. रेबीजची लस मुदतीत असल्याची खात्री जाण्यापूर्वीच करावी, कारण बावरलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावू शकतो. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. कुत्र्याला लस दिलेली आहे, म्हणून हे टाळू नये.

राखणदार स्वतः साठीच्या पुढचा असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. पट्ट्याची दोरी मनगटाला गुंडाळू नये. कुत्र्याने हिसका दिला की माणूस पडतो, आणि या वयातले खुब्याचे हाड मोडणे किती महागात पडते, हे या पाक्षिकाच्या वाचकांना सांगायला नको. अशा वेळी फिरवण्याचे काम तरुण मुलाकडे द्यावे आणि खाण्यापिण्याचे ज्येष्ठाकडे.

घराची बाजूही तितकीच पाहावी. गॅसचा रेग्युलेटर आणि पाण्याचा मुख्य नळ बंद करावा. मुख्य बटण बंद करण्यापूर्वी फ्रीजमध्ये इन्सुलिन नाही ना, हे पाहावे. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि वीज गेलेल्या फ्रीजमध्ये ते निकामी होऊ शकते. घराला कुलूप राहणार असेल, तर पोलीस ठाण्यात कळवून ठेवावे. तुळशीला पाणी घालणाऱ्याचे नावही ठरलेले असावे. ते काम लहान आहे, पण ते करायला रोज कोणीतरी अंगणात येते आणि घर ओसाड दिसत नाही.

प्रत्येक जिवाची गरज निराळी असते. मांजराला बहुधा माणसापेक्षा जागेची सवय अधिक. त्याला दुसरीकडे हलवण्यापेक्षा घरीच ठेवून दिवसातून दोनदा कोणी यावे, हे बरे. मात्र मांजराने, विशेषतः जाड मांजराने, दोन दिवस काही खाल्ले नाही तर वाट पाहू नये. त्याच्या यकृतावर परिणाम होतो. सर्वांत कठीण प्रश्न दुभत्या गायीचा. तिची धार दोन्ही वेळा काढावीच लागते. दूध तुंबले की कासदाहाचा धोका वाढतो. म्हणून गोठा असलेल्या घरांनी एकमेकांशी आळीपाळीने ठरवून घ्यावे: तुमच्या यात्रेत आम्ही, आमच्या यात्रेत तुम्ही. आणि काहीच सोय झाली नाही म्हणून जनावर बांधून किंवा सोडून निघून जाणे हा तर गुन्हाच आहे. उपाशीतापाशी ठेवणे आणि वाऱ्यावर सोडणे या दोन्ही गोष्टी 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात शिक्षेस पात्र आहेत.

आमचे कोकणातील आठ दिवस सुखाचे गेले. परंतु या साऱ्या खटाटोपाचे खरे मोल मला त्यानंतरच्या पावसाळ्यात कळले. एका मध्यरात्री यजमानांच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. पित्ताशयातील खड्याचे दुखणे निघाले आणि पहाटेपूर्वीच त्यांना नाशिकला हलवावे लागले. रुग्णवाहिकेत बसल्यावर मी ताईंना फोन केला. त्या एवढेच म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे आहे. मोत्याचं मी बघते, तुम्ही काकांचं बघा." नऊ दिवस आम्ही रुग्णालयात होतो. त्या नऊ दिवसांत एकदाही 'मी घरी जाऊन येते' असे मला म्हणावे लागले नाही, आणि यजमानांनीही घरी सोडण्याची घाई केली नाही. शेजारच्या खाटेवरील गृहस्थ मात्र रोज डॉक्टरांना विचारत होते, "कधी सोडता? गायी दुसऱ्याच्या भरवशावर आहेत." त्यांच्या प्रकृतीपेक्षा गोठ्याचीच चिंता त्यांना अधिक जाळत होती.

सहलीची तारीख आपल्या हाती असते, आजारपणाची नसते. म्हणून सुट्टीच्या निमित्ताने राखणदार शोधावा, त्याला सरावाने तयार करावे, आणि सहल संपल्यावरही ते नाते जपावे. आमच्या ताई आजही आठवड्यातून एकदा मोतीला खाऊ घालून जातात. त्यांचा मुलगा आता महाविद्यालयात आहे. परीक्षेच्या दिवसांत तो अभ्यासाला आमच्याकडेच येतो.

शेवटी दोन शब्द परगावी राहणाऱ्या मुला-मुलींसाठी. आई-बाबा तुमच्याकडे येण्याचे टाळतात, तपासणी पुढे ढकलतात, 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतात. अशा वेळी त्यांचा हट्ट आहे असे मानण्यापूर्वी त्यांना एक प्रश्न विचारा: तुम्ही आलात तर घराकडे आणि जनावराकडे कोण पाहील? त्याचे उत्तर त्यांच्यापाशी नसेल, तर ते शोधणे तुमचे काम समजा. पुढच्या वेळी गावी याल तेव्हा गल्लीतील दोन-तीन घरी जाऊन बसा, कोणाला कशाची गरज आहे ते विचारा, मोबदल्याचे स्पष्ट बोला, आणि जबाबदारी कुठवर आहे ते लिहून द्या. एवढे झाले की मग तिकीट काढा.