नेरूळचे छप्पर आणि ओव्याचे मैदान

ओवे गाव आता खारघरच्या उंच इमारतींमध्ये शोधावे लागते. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि गाव शहरात आले. २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर-पेंधर मेट्रो धावू लागली. त्यामुळे नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम आम्हा ओवेकरांना आता अगदी शेजारचे वाटते. मेट्रोने बेलापूर गाठायचे, पुढे लोकलने नेरूळ. सायन-पनवेल महामार्गाने गेलात तर त्याचे पांढरे छप्पर लांबूनच दिसते.

२००८ मध्ये सुरू झालेले हे स्टेडियम वास्तुविशारद हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी आखले. येथे सुमारे ५५ हजार माणसे बसतात. आत गेल्यावर सर्वप्रथम लक्ष जाते ते छपराकडे. प्रेक्षकांच्या डोक्यावर एवढे मोठे छत आहे, पण मध्ये एकही खांब आड येत नाही. गॅलरीचा सज्जा जसा एका बाजूने भिंतीत घट्ट धरलेला असतो आणि दुसऱ्या बाजूने मोकळा असतो, तसेच हे छप्पर मागच्या बाजूने पेललेले आहे. म्हणून शेवटच्या रांगेतल्या मुलालाही चेंडू दिसतो.

छपरांचा विषय निघाला की आम्हाला विजापूरचा गोल घुमट आठवतो. सतराव्या शतकात मुहम्मद आदिलशाहाच्या कबरीवर उभारलेल्या या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. त्यालाही आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी आणि जाडजूड भिंती तो भार जमिनीपर्यंत नेतात. आता सिंगापूरचे राष्ट्रीय स्टेडियम पाहा. २०१४ साली ते खुले झाले. त्याच्या घुमटाचा व्यास ३१० मीटर, आणि खांबांविना पेललेला जगातील सर्वांत मोठा घुमट म्हणून तो ओळखला जातो. गोल घुमटाच्या सातपट! फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांबीचे असते, तशी जवळजवळ तीन मैदाने एकापुढे एक त्याच्या व्यासात बसतील. ही किमया वजन कमी केल्याची आहे. दगड-चुन्याच्या जागी पोलादी जाळी आली, आणि मधला सरकता भाग प्रकाश आत येऊ देणाऱ्या हलक्या आवरणाचा केला. पाऊस आला की छप्पर मिटते, ऊन सौम्य झाले की उघडते.

आमच्या वाचकांना कतारचे अल थुमामा स्टेडियम अधिक जवळचे वाटेल. अरब मुले आणि पुरुष डोक्यावर जी विणलेली टोपी घालतात, तिला तिथे गहफिया म्हणतात. त्याच टोपीच्या आकारात, इब्राहिम जैदा या कतारी वास्तुविशारदाने हे स्टेडियम रचले. १० डिसेंबर २०२२ रोजी इथेच मोरोक्कोने पोर्तुगालला १-० असे हरवले आणि विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जाणारा तो पहिला अरब व पहिला आफ्रिकी देश ठरला. सामना संपल्यावर सुफियान बुफाल आपल्या अम्मीला मैदानात घेऊन नाचला. स्टेडियमची बांधणी लोक विसरतील, पण ते दृश्य विसरणार नाहीत.

नेरूळच्या छपराखालीही असे दिवस उगवले आहेत. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत येथे झाली. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तोही याच मैदानावर. दोन्ही वेळा मैदान मुलींचे होते.

म्हणून एक प्रश्न आम्हाला सतावतो. आपल्या वस्तीतल्या मुली पाचवी-सहावीपर्यंत मुलांच्या बरोबरीने चेंडूमागे धावतात. आठवी-नववीत मात्र त्या कडेला उभ्या राहून दप्तरे सांभाळतात. कारण विचारले तर कोणी कपड्यांचे सांगते, कोणी लोकांचे. कपड्यांचे उत्तर तर मिळून गेले आहे. फिफाने २०१४ मध्ये डोके झाकून खेळण्यास मान्यता दिली, आणि २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली. लोकांचे उत्तर मात्र आपल्यालाच द्यायचे आहे.

खारघरमध्ये सिडकोने फुटबॉलचे प्रशिक्षण केंद्र उभारले आहे. पण रोजच्या खेळाला घराजवळची मोकळी जागा लागते, आणि ती दरवर्षी थोडी थोडी गाड्यांच्या आणि बांधकामांच्या ताब्यात जाते. ती वाचवण्यासाठी मोहल्ल्याने एकत्र येऊन अर्ज करावा. असर ते मगरिब हा तासाभराचा वेळ मुलींसाठी ठरवावा, आणि घरच्या एखाद्या वडीलधाऱ्याने कडेला खुर्ची टाकून बसावे. मगरिबची अजान झाली की सगळ्या घरी. याला ३१० मीटरचा घुमट लागत नाही. वर अल्लाहने दिलेले आकाश पुरेसे आहे.