इकाम्याची किंमत

आम्ही मियाँ-बीवी जेद्दाहला सहा वर्षे राहिलो. मक्का तासाभराच्या वाटेवर. अम्मीला त्याचेच केवढे अप्रूप! पण जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी नोकरदाराच्या घरातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल कर लावला. दरवर्षी त्यात शंभराची भर. २०१९ मध्ये आमच्या तीन माणसांचे महिन्याला ९००, तेही इकाम्याच्या वेळी वर्षाचे एकदम. शेजारची बिऱ्हाडे एकेक करून उठली. पुरुष तेवढे मागे राहिले, एका खोलीत चौघे चौघे. आम्हाला तसे राहणे मंजूर नव्हते. नंदुरबारला परतलो. प्रकाशाच्या पुलावर धाकटी विचारायची, ‘‘अब्बा, समंदर यही है?’’ शिलकेतून घराचा पाया घातला. शाळेच्या पगारात भिंती अजून अर्ध्याच आहेत.